गाडीत गाणं शोधू नका!

बोरगाव मेघेहून नागपूरला गाडीने जायचं म्हणजे साधारण पाऊणशे किलोमीटर, दीड-दोन तासांचा रस्ता. सेलू, केळझर, बुटीबोरी मागे पडत जातात आणि गाडीत एकच वाद रंगतो, "हे गाणं बदल ना बे!" पेनड्राइव्हमध्ये दोन हजार गाणी असतात, पण हवं ते काही सापडत नाही. मग चालवणारा एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने 'नेक्स्ट'चं बटण दाबत सुटतो. आणि डोळे? डोळे स्टिरिओच्या त्या दोन इंची पट्टीवर!

आता जरा फर्स्ट इयरचं गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. गाणं शोधताना चार सेकंद नजर खाली गेली, तर गाडी ८९ मीटर आंधळी धावली. समृद्धी महामार्ग तर आपल्याच जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता मोकळा झाला. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, चार सेकंदांत १३३ मीटर! फुटबॉलचं पूर्ण मैदान डोळे मिटून पार केल्यासारखंच की हे. तेवढ्यात समोर पंक्चर झालेला ट्रक उभा असेल तर?

म्हणून या लेखाचं सूत्र एकच आहे. गाणं शोधायचं काम गाडीत करायचं नाही, ते आदल्या रात्री टेबलावर करून ठेवायचं. त्यासाठी नवा महागडा स्टिरिओ लागत नाही. एक संध्याकाळ, एक पेनड्राइव्ह आणि थोडी शिस्त लागते. शिस्तीमागचं इंजिनिअरिंग समजून घेतलं तर काम सोपं होतं, म्हणून तेही सांगतो.

मोबाईल असताना पेनड्राइव्ह कशाला?

हा प्रश्न रूममध्ये हमखास येतो. नव्या गाड्यांत मोबाईल जोडता येतो, ऑनलाईन ॲपवर लाखो गाणी मिळतात, हे खरं आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची गाडी आठ-दहा वर्षांची असते, कुणी सेकंडहॅंड घेतलेली असते. चिखलदऱ्याच्या घाटात शिरलं की नेटवर्क गुल. मध्येच फोन आला की गाणं बंद. ॲपची वर्गणी संपली की जमवलेली यादीही गेली. शिवाय मोबाईल एकदा हातात आला की गाण्यासोबत मेसेजही वाचला जातो, आणि हातात मोबाईल धरून गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याने गुन्हाच आहे.

पेनड्राइव्हला यातलं काहीच नाही. किल्ली फिरवली की गाणं सुरू. वडिलांना, मामांना, कॉलेजच्या ड्रायव्हरकाकांना ॲप शिकवत बसावं लागत नाही. फक्त एक अट असते, आत गाणी नीट लावलेली हवीत.

कॅसेटवाल्यांना हा त्रास का नव्हता?

फिलिप्स कंपनीने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ साली आणली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीस मिनिटं मावायची, आठ-नऊ गाणी. कुठल्या गाण्यानंतर कुठलं हे कुणीतरी आधीच बसून ठरवलेलं असायचं. कंपनीने तरी, नाहीतर दुकानात चिठ्ठी देऊन गाणी भरून घेणाऱ्या शौकिनाने तरी. गाडीत फक्त बाजू उलटायची. आपल्या स्टाफपैकी अनेकांना आजही एक गाणं संपत आलं की पुढच्याचे सूर आपोआप आठवतात, ते या क्रमामुळेच.

मग एमपी३ आलं. हे प्रमाण एमपेग या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलं आणि त्यामागचं मोठं काम जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत झालं. 'एमपी३' हे फायलीचं शेपूट १९९५ च्या जुलैमध्ये नक्की झालं. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट लागायचे, तिथे १२८ किलोबिटमध्ये काम भागू लागलं. म्हणजे जागा अकरापट वाचली. एका सीडीवर दहा-पंधराऐवजी पावणेदोनशे गाणी मावू लागली, पुढे पेनड्राइव्हवर हजारो. गाणी वाढली, पण क्रम लावणारा माणूस मधून गेला. ते काम आता आपल्यावर आलं आहे, आणि आपण काय करतो? होस्टेलमध्ये ज्याच्याकडून जे मिळेल ते 'कॉपी-पेस्ट'!

स्टिरिओ क्रम कसा लावतो?

कॉम्प्युटरवर गाणी नावाप्रमाणे ओळीत दिसतात, गाडीत लावली की उलटीसुलटी वाजतात. हा अनुभव सगळ्यांना आहे. स्टिरिओ बिघडलेला नसतो. तो बिचारा पेनड्राइव्हवरची यादी जशी लिहिली आहे तशी वाचतो.

बहुतेक गाड्यांना पेनड्राइव्ह 'फॅट३२' या पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो. 'एनटीएफएस' किंवा 'एक्सफॅट' असेल तर पुष्कळ जुने स्टिरिओ तो ओळखतच नाहीत. फॅटमध्ये प्रत्येक फोल्डरची एक यादी असते आणि यादीत ३२ बाइटच्या नोंदी असतात. फाईल कॉपी झाली की तिची नोंद यादीत बसते. विंडोज ती यादी वाचून, नावाप्रमाणे लावून मग आपल्याला दाखवतं. साधा स्टिरिओ तेवढी मेहनत घेत नाही. यादीत जी नोंद आधी, ते गाणं आधी.

खरी गंमत पुढे आहे. फाईल डिलीट केली की तिची नोंद पुसली जात नाही. पहिल्या बाइटवर 'ही जागा रिकामी' अशी फक्त खूण होते. नंतर नवी फाईल टाकली की ती बऱ्याचदा त्या रिकाम्या जागेत जाऊन बसते. मेसमध्ये मधल्या खुर्चीवरचा उठला की दारातून येणारा तिथेच बसतो ना, तसंच. त्यातही लांब नावाच्या फायलीला एकापेक्षा जास्त नोंदी लागतात, कारण जास्तीच्या एका नोंदीत नावाची १३ च अक्षरं मावतात. म्हणजे चार जणांच्या ग्रुपला चार सलग खुर्च्या हव्यात! त्या जिथे मिळतील तिथे तो ग्रुप बसतो. म्हणून वर्षभर गाणी काढ-घाल केलेला पेनड्राइव्ह कुठल्या क्रमाने वाजेल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा उपाय: सगळी गाणी आधी कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये नीट लावा. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. गाणी बदलायची झाली की पुन्हा फॉरमॅट, पुन्हा कॉपी. आठ-दहा मिनिटांचं काम आहे. दुसरा उपाय: यादीच नावाप्रमाणे पुन्हा लिहून देणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात. लिनक्सवर 'फॅटसॉर्ट' आहे, विंडोजवर 'ड्राइव्हसॉर्ट' आहे. फॅटसॉर्ट चालवण्याआधी पेनड्राइव्ह अनमाउंट करायला विसरू नका.

पेनड्राइव्ह १६ किंवा ३२ जीबीचाच घ्या. त्याहून मोठ्याला फॅट३२ करण्याचा पर्याय विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत बरीच वर्षं दिसत नसे, आणि मोठी यादी वाचायला स्टिरिओ वेळही फार घेतो. ज्यांच्याकडे ॲपलचा लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी एक सूचना. तो फॅट पेनड्राइव्हवर ठिपक्याने सुरू होणाऱ्या छोट्या लपलेल्या फायली सोडतो. कॉम्प्युटरवर त्या दिसत नाहीत, पण काही गाड्या त्यांना गाणी समजतात आणि 'फाईल एरर' देत बसतात. कॉपी झाल्यावर त्या काढून टाका.

एक, दहा, अकरा... मग दोन!

नावाप्रमाणे क्रम लावणारे स्टिरिओही असतात. पण ते आकड्यांना आकडे समजत नाहीत, अक्षरं समजतात. डिक्शनरीत जसं आधी पहिलं अक्षर बघतात तसं. त्यामुळे १, २, ३ असे नंबर दिले तर वाजतात १, १०, ११, १२ आणि बाराच्या मागून २. उपाय अगदी सोपा आहे. नंबराआधी शून्य लावायचं. गाणी शंभराच्या आत असतील तर ०१, ०२. शंभराच्या वर असतील तर ००१, ००२. कॉम्प्युटरवर मात्र इंग्रजी आकडेच टाका, इथे छपाईत देवनागरी दिले आहेत इतकंच.

हा क्रम किती महत्त्वाचा असतो ते बघायचं असेल तर गीतरामायण घ्या. ग. दि. माडगूळकरांची गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ते सुरू झालं आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चाललं. एकूण ५६ गीतं. सुरुवात कुश-लवांच्या गायनाने होते, मग अयोध्या, वनवास, लंका असा प्रवास करत कथा पुन्हा कुश-लवांपाशी येते. आता हीच ५६ गाणी कुणीतरी नंबर न देता पेनड्राइव्हवर टाकली आणि गाडीने ती अकारविल्हे लावली. रावण आधी मरणार की सीता आधी पळवली जाणार, हे गाण्याच्या पहिल्या अक्षराच्या नशिबावर! आजीला पंढरपूरला घेऊन निघालात आणि राज्याभिषेकानंतर वनवास लागला, तर ती गाडीतच रुसून बसेल. त्यावर औषध काय, तर ०१ ते ५६ नंबर. दहा मिनिटांचं काम.

टॅग म्हणजे गाण्याचं आयकार्ड

फायलीचं नाव वेगळं आणि आतला टॅग वेगळा. होस्टेलच्या खोलीवर जी पाटी असते ते फायलीचं नाव, आणि खिशातलं आयकार्ड म्हणजे टॅग. बऱ्याच गाड्या स्क्रीनवर टॅगच दाखवतात, आणि 'आर्टिस्ट' किंवा 'अल्बम'प्रमाणे शोधायची सोयही टॅगवरच चालते.

१९९६ साली आलेला पहिला 'आयडी३' टॅग फार साधा होता. फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट. त्यात तीन बाइट 'टॅग' ही खूण, गाण्याचं नाव ३०, गायक ३०, अल्बम ३०, साल ४, शेरा ३० आणि प्रकार १. बेरीज करून बघा, बरोबर १२८ येते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, पण युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये आपल्या देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. 'वसंतराव देशपांडे' हे नाव घ्या. वसंतरावच्या ७ खुणा, देशपांडेच्या ८, मधली मोकळी जागा १ बाइट. एकूण ४६ बाइट झाले! तिसाव्या बाइटला कात्री लागली की उरतं 'वसंतराव दे', आणि पुढे अर्धवट तुटलेला 'श'. स्क्रीनवर तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं ते यामुळेच.

१९९८ पासून आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टॅगने ही अडचण दूर केली. तो फायलीच्या सुरुवातीला असतो, लांबीची चिंता नसते, देवनागरीही नीट साठवता येते. त्यातली २.३ ही आवृत्ती जुन्या-नव्या बहुतेक स्टिरिओंना कळते, २.४ काहींना कळत नाही. म्हणून गाडीसाठी २.३ ठेवा. तरीही एक अडचण उरतेच. स्टिरिओमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसेल तर टॅग कितीही शुद्ध असो, दिसणार चौकोनच. अशा वेळी व्यवहार पाहावा. मूळ संग्रह कॉम्प्युटरवर देवनागरीत ठेवा, पेनड्राइव्हच्या प्रतीत नावं रोमन लिपीत द्या.

रोमनमध्ये लिहिताना मात्र स्पेलिंग एकच धरा. 'भोसले' कुणी मध्ये 'ए' घालून लिहितं, कुणी न घालता. आपल्याला आशाताई एकच, गाडीच्या यादीत त्या दोन ठिकाणी! अर्धी गाणी एका नावाखाली, अर्धी दुसऱ्या. तीच गत लतादीदींची, कुठे नुसतं 'लता', कुठे पूर्ण नाव. एका कागदावर वीस-पंचवीस नावांची स्पेलिंगं लिहून भिंतीला चिकटवा आणि तीच वापरा.

'आर्टिस्ट' आणि 'अल्बम आर्टिस्ट' यांतला फरकही लक्षात घ्या. पुन्हा गीतरामायणच घेऊ. नंतरच्या रेकॉर्डमध्ये सगळी गीतं सुधीर फडक्यांनीच गायली, तिथे प्रश्न नाही. पण रेडिओवरच्या मूळ कार्यक्रमात माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे असे अनेक आवाज होते. अशा संग्रहात प्रत्येक गाण्याचा 'आर्टिस्ट' वेगळा लिहिला की काही गाड्या अल्बमचे तुकडे करतात. तिथे 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये सगळ्या गाण्यांना सुधीर फडके हे एकच नाव द्या आणि 'आर्टिस्ट'मध्ये ज्याचा त्याचा आवाज लिहा. मराठीत गीतकाराचं नावही महत्त्वाचं. ते 'कंपोजर'च्या रकान्यात न कोंबता शेऱ्यात लिहा. रेडिओवर गीत, संगीत आणि स्वर अशी तिघांची नावं सांगायची आपली जुनी रीत आहे, ती पेनड्राइव्हवरही चालू द्यायला काय हरकत?

आता हे सगळं हाताने टाईप करायचं का? नाही हो! विंडोजवर 'एमपी३टॅग', लिनक्सवर आणि विंडोजवरही 'किड३' असे फुकट प्रोग्रॅम आहेत. फायलींची नावं 'नंबर - गायक - गाणं' अशी एकसारखी असली की त्यावरून शंभर गाण्यांचे टॅग एका क्लिकमध्ये भरता येतात, आणि टॅगवरून फायलींची नावंही बनवता येतात. कुठल्या कुठल्या साइटवरून उतरवलेल्या गाण्यांत अल्बमच्या जागी त्या साइटचीच जाहिरात भरलेली असते. गाडीत गायकाऐवजी 'डाऊनलोड नाऊ' झळकतं. तीही एका झटक्यात साफ होते.

फोल्डर गायकाचे नकोत, वेळेचे करा

कॉम्प्युटरवरचा संग्रह गायक आणि अल्बमप्रमाणे असावा. तो ग्रंथालयासारखा, तिथे शोधायला वेळ असतो. गाडीतला पेनड्राइव्ह म्हणजे मेसचं ताट. आचाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, जेवायला कोण बसलंय ते बघून वाढायचं. गाडीत आपण 'कोणता गायक' असं ठरवत नाही. आपण ठरवतो, आता सकाळ आहे, आईबाबा मागे बसलेत, किंवा रात्र आहे आणि सगळे झोपलेत.

म्हणून फोल्डर असे करून बघा:

०१ पहाट: अभंग, भूपाळ्या, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं.

०२ घरचे: आईबाबांच्या आवडीची भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी.

०३ मित्र: हे सांगायची गरज नाही!

०४ रात्रीचा रस्ता: ओळखीची, ठेक्याची, सोबत गुणगुणता येतील अशी गाणी. झोप आणणारी गझल इथे टाकू नका. आणि खरोखर झोप यायला लागली तर गाण्यावर विसंबू नका, गाडी सुरक्षित जागी थांबवून डुलकी काढा.

०५ गोष्टी: कथाकथन, पु. लं.च्या 'बटाट्याची चाळ'सारखे कार्यक्रम, कीर्तनं.

एका फोल्डरमध्ये किती गाणी? नागपूरचा रस्ता दीड तासाचा धरला आणि गाणं साडेचार मिनिटांचं, तर जाताना २० गाणी होतात, जाऊन-येऊन ४०. म्हणजे ४० ते ६० पुरे. मग 'शफल' लावलं तरी चालतं, कारण फोल्डरमधलं कुठलंही गाणं त्या वेळेला शोभणारंच असतं. सगळं एकाच ढिगात असलं की लग्नाच्या वरातीच्या गाण्यानंतर एकदम कीर्तन सुरू होतं, आणि पुन्हा हात बटणाकडे जातो. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर असंही करू नका. एकच पातळी ठेवा. फोल्डर बदलायचं बटण कुठे आहे ते गाडी उभी असताना बोटांना पाठ करून घ्या.

कथाकथनाच्या तासाभराच्या फायलीचा वेगळा त्रास असतो. पेट्रोल भरायला थांबलो, किल्ली काढली, की काही स्टिरिओ ती फाईल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मग चाळीस मिनिटं पुढे ढकलत बसा! 'एमपी३डायरेक्टकट'सारख्या प्रोग्रॅमने तिचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, आवाजाचा दर्जा तसाच राहतो. तुकड्यांना ०१, ०२ नंबर द्यायला विसरू नका. बोलण्याला स्टिरिओची गरज नसते. ६४ किलोबिट मोनोत एक तास साधारण २९ एमबीत मावतो.

आवाजाची उंची एक करा

जुनं भावगीत ऐकायला व्हॉल्यूम वाढवावा आणि पाठोपाठ नवं गाणं धाडकन अंगावर यावं, हेही रोजचंच. नव्या गाण्यांचं रेकॉर्डिंग मुळातच मोठ्या आवाजात केलेलं असतं. यातही चालवणारा दचकतो आणि त्याचा हात स्टिअरिंगवरून सुटतो, तेव्हा हा प्रश्न निव्वळ कानांचा राहत नाही.

एमपी३ फायलीच्या प्रत्येक तुकड्यात आवाजाची पातळी सांगणारा एक आकडा असतो. 'एमपी३गेन' हा छोटा प्रोग्रॅम तेवढाच आकडा १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी वरखाली करतो. गाणं पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा उतरत नाही आणि नंतर पूर्ववतही करता येतं. तो ठरावीक पातळी म्हणून ८९ डेसिबल सुचवतो, तीच राहू द्या. आवाजाची माहिती नुसती टॅगमध्ये लिहून ठेवायचीही एक पद्धत आहे, पण ती वाचायची तसदी पुष्कळ स्टिरिओ घेत नाहीत. म्हणून गाडीसाठी एमपी३गेनच बरा. मूळ संग्रहावर मात्र हात चालवू नका, पेनड्राइव्हच्या प्रतीवरच चालवा.

किती किलोबिट?

हॉस्टेलमध्ये यावर रात्र-रात्र भांडणं होतात. थोडक्यात सांगतो. चालत्या गाडीत टायरचा, वाऱ्याचा, एसीचा आवाज असतोच. तिथे १९२ किलोबिट भरपूर झाले. चार मिनिटांचं गाणं पावणेसहा एमबीचं होतं, आणि ८ जीबीतही तेराशेच्या वर गाणी मावतात. १२८ ची फाईल ३२० मध्ये बदलून काहीही मिळत नाही. एकदा गाळलेली माहिती परत येत नाही, फक्त फाईल फुगते. वरणात पाणी घातल्याने डाळ वाढते का? तसंच ते.

मे महिना आणि घरातली कॅसेट

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्या विदर्भातला मे महिना कुणाला सांगायला नको. पारा ४५ ला टेकतो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. बऱ्याच पेनड्राइव्हच्या माहितीपत्रकावर वापराचं तापमान ६० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात दुपारभर गाडीत लटकणारा पेनड्राइव्ह एक दिवस अचानक 'नो फाईल' म्हणतो. त्यात बाजारात मिळणारी गाणी असतील तर पुन्हा जमवता येतील. पण प्रत्येक घरात काहीतरी असं असतं जे बाजारात मिळत नाही. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाची कॅसेट, आजोबांनी गणपतीत म्हटलेली आरती. तशी प्रत जगात एकच.

घरी अशी कॅसेट असेल तर पुढच्या सुट्टीत हे काम आधी करा. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला लावा, 'ऑडासिटी' या फुकट प्रोग्रॅमने ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिटवर रेकॉर्ड करा. एक तासाची फाईल ६३५ एमबीची होते. ती 'फ्लॅक'मध्ये साठवा, जागा कमी लागते आणि माहितीचा एक बिटही जात नाही. हे मूळ दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक घरी, एक दुसरीकडे. टॅगमध्ये आजीचं पूर्ण नाव, गावाचं नाव, साल लिहा. वीस वर्षांनी 'ट्रॅक ०१' नावाच्या फायलीत कोणाचा आवाज आहे हे सांगायला कुणी असेलच असं नाही. गाडीत लावायला त्याची एमपी३ प्रत काढा. गाडीतला पेनड्राइव्ह ही नेहमी प्रतच असावी, मूळ कधीच नाही.

तर मग, एका संध्याकाळचं काम

सबमिशन संपलं की एक संध्याकाळ काढा आणि या क्रमाने चला:

१. सगळी गाणी कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये आणा. दोनदा आलेली आणि जाहिरातीची काढून टाका.

२. भिंतीवरच्या कागदाप्रमाणे नावांची स्पेलिंगं एक करा, टॅग भरा, २.३ आवृत्तीत सेव्ह करा.

३. गाडीसाठी पाच फोल्डर करा, प्रत्येकात ४०-६० गाणी, नंबराआधी शून्य लावून.

४. या प्रतीवर एमपी३गेन चालवा.

५. पेनड्राइव्ह फॅट३२ करा आणि एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा.

६. उभ्या गाडीत पाच मिनिटं वाजवून बघा. प्रत्येक फोल्डरची पहिली तीन गाणी क्रमाने लागली की काम फत्ते.

पुढच्या सुट्टीत घरी जाताना हा पेनड्राइव्ह बाबांच्या गाडीला लावून या राजेहो. त्यांना कळणारही नाही की आत फॅटच्या नोंदी आणि १२८ बाइट होते. त्यांना एवढंच कळेल की किल्ली फिरवल्यावर आवडीचं गाणं लागलं आणि बुटीबोरीपर्यंत बटणाला हात लावावा लागला नाही.